गाभण बकरीची हमी

भावजयीला दूध नव्हतं. तान्ह्या पुतणीसाठी माय रोज गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या, मागच्या दारात लोटी घेऊन उभी राहायची. पुढचं दार आमच्यासाठी नव्हतंच. मालगुजारीण लोटीला हात न लावता वरून दूध ओतायची आणि धर्म केल्याचं समाधान मिळवायची.

हे दार सुटावं म्हणून मायनं सेलूच्या बाजारात बकरी घेतली. दुभती परवडणारी नव्हती, म्हणून गाभण घेतली. व्यापाऱ्यानं बकरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ वाहिली, "आज-उद्या व्याईल, बाई." पण त्यानं तिला मीठ चारून पोटभर पाणी पाजलं होतं. ती वाटभर मुतत आली आणि घरी पोचेपर्यंत तिचं बाळंतपण आटोपलं!

"काऊन वं, व्याली नाई का तुही बकरी?" मालगुजारीण रोज विचारायची. दुधाबरोबर हेही फुकट.

ग्राहकांचा नवा कायदा नुकताच आला होता. लहानपणापासून पत्रकं वाचून वाढलेला मी. पुढच्या बाजारी त्या व्यापाऱ्यासमोर बैलबंडीवर चढून कायद्याचं पत्रक मोठ्यानं वाचलं. माल सदोष निघाला तर दुरुस्ती करून द्यावी किंवा पैसे परत करावेत.

"अन् बकरीची दुरुस्ती कोठी होते गा?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

व्यापारी म्हणाला, "मी आज-उद्या म्हनलं. कोन्त्या साली, थे इचारलं का तुमी?"

लोक हसले, पण विकत घ्यायला धरलेल्या बकऱ्यांची पोटं दाबून पाहू लागले. तेव्हा त्याचा आवाज उतरला. "पैसे सोडून बोल, बापू. बकरीले लावाले माहा बोकड घेऊन जाजो. फुकट."

मी पैशांसाठी अडून होतो. मायनं मला मागं सारलं. "आमी नाई नेत. तूच आनून देजो. अन् त्याचा चाराबी तूच आनजो."

तो आला. डोक्यावर चाऱ्याचा भारा, हातात बोकड, आणि वाट मालगुजाराच्या पुढच्या दारावरून. काही दिवस आमच्या अंगणात, बोकडाच्या वासासकट, कायद्यातली दुरुस्ती चालली होती.

बकरी व्याली तेव्हा पुतणी रांगू लागली होती. बाजारात तोच व्यापारी आता ओरडत होता, "गाभण नाई निंगाली तं बोकड घरपोच!" माझ्या पत्रकाची त्यानं जाहिरात केली होती.

एक दिवस वाटेत मालगुजारिणीनं मायला हटकलं. "काऊन वं, येत नाई आजकाल?"

"दूध पाह्यजे असन तं तुमीच येजा, बाई," माय म्हणाली. "आमच्या घराले एकच दार हाये."