बैलासाठी ठेवलेली चतकोर

भूतबित, करणी, झपाटणं… पोलिसात सत्तावीस वर्षं काढली, असल्या गोष्टींना मी कायम हसत आलो. आता हे वाचून तुम्ही मला हसलात तरी चालेल.

बुलढाणा जिल्ह्यातलं एक ठाणं, नाव लिहीत नाही. चोरीच्या संशयावरून धाड गावाकडचा एक शेतकरी उचलून आणला होता. अटक दाखवली नव्हती, स्टेशन डायरीत नोंद नव्हती, कॅमेरेसुद्धा साहेबांनी बंद करायला लावलेले. मागच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये दोन दिवस त्याला मारत होते. मी हात उगारला नाही, पण कुलपाची किल्ली माझ्याकडे होती आणि मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो गेला.

अकराला त्याची बायको आली. हातात फडक्यात बांधलेला डबा. नवऱ्याला शोधत फिरताना तिचं हे तिसरं ठाणं होतं.

"भाऊ, माह्या घरच्यायले इथं आनलं काय हो?"

"इथं कोणीच नाही, बाई."

"नसतीन तं नसतीन. डबा राहू द्या. दोन दिसाचे उपाशी असतीन ते."

माझ्या टेबलासमोरच्या बाकावर डबा ठेवून ती बाहेर लिंबाखाली जाऊन बसली. मी खुर्ची सोडली नाही — जेवायलासुद्धा उठलो नाही. डब्याला कोणी हात लावला नाही, हे शपथेवर सांगतो.

चार वाजता, गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या जीपची वेळ झाली तशी ती डबा न्यायला आली. उचलला तर हलका लागला. उघडला… भाजी पुसून खाल्लेली, तळाशी फक्त चतकोर भाकर.

तिनं ती चतकोर माझ्यापुढे धरली. "हे त्यायचंच काम हाय. बैलासाठी चतकोर ठेवल्याबिगर उठत नाहीत ते. काऊन खोटं बोलून राह्यले भाऊ तुम्ही?"

मी वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेरा चालू असता तर डब्याचं काय झालं ते दिसलं असतं. पण तो आम्हीच बंद केलेला ना!

पुढे चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. डब्याचं तेवढं कोणी लिहून घेतलं नाही. जबाब देऊन बाहेर आलो तर ती दारातच उभी. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "जाच्या आधी जेवले व्हते ना ते?"

आम्ही त्याला दोन दिवस पाण्याशिवाय काही दिलं नव्हतं.

"जेवले," मी म्हणालो.

मी तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोललो की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.