भिंतीपलीकडची फुलपाखरं

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण सांगते. नाही सांगितलं तर शेजारच्या शेवंताकाकू सांगतील, आणि त्या तिखटमीठ जास्त टाकतात.

गावाहून अकोल्यात जुन्या शहरात राहायला आलो, तेव्हापासून माझी परी गप्प. जेवेना, खेळेना. एकच धोशा, "आई, इकडं फुलपाखरं काहून नाई येत?" लेकरू वाळत चाललं, माझा जीव टांगणीला! शेवटी तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अंगणात रुई लावा. पाणी नसलं तरी जगते, अन् फुलपाखरं हमखास येतात."

आमच्या नळाचा काय भरवसा? लावली रुई! उन्हातही कशी डेरेदार झाली! पण तिचा चीक पोरीच्या डोळ्यात गेला तर? परीला दम दिला, "खिडकीतूनच पाह्यजो. झाडाले हात लावशील तं याद राख!"

एक-दोन फुलपाखरं येऊन गेली. परी खिडकीत नाचली. आणि मग काय दिसावं? पानोपानी अळ्या! पट्ट्यापट्ट्याच्या, खादाड!

मी कपाशीवाल्याची लेक. अळी दिसली की माझा हात थांबतो होय? रोज चिमट्यानं वेचायची आणि भिंतीपलीकडं फेकायची. वर निंबोळीचा अर्क फवारला. वास असा, की आम्हालाच घरात बसवेना.

फुलपाखरं? नाव नाही! परीनं खिडकीशी जाणंच सोडलं. मी देवापुढं रडले हो!

एक दिवस भिंतीवरून डोकावले, तर काकूंच्या अंगणात फुलपाखरंच फुलपाखरं! माझं डोकंच फिरलं.

"काकू, आमची फुलपाखरं तुमच्याकडं काहून?"

"काय वं, त्याईच्या पाठीवर तुयं नाव लिवलं हाये का?"

"खरं सांगा, साखरपाणी ठेवता ना तुमी?"

"मी कायले ठेवू! तूच तं रोज अळ्या फेकून राह्यली इकडं. माया भिंतीले रानची रुई हाये, तिच्यावर चढल्या. म्या म्हटलं, खाऊ दे बिचाऱ्यांले. त्याईचीच झाली हे फुलपाखरं!"

सातवी शिकलेली मी! अळीचं फुलपाखरू होतं, हे पुस्तकात चित्रासकट पाठ केलं होतं. पण पुस्तकातली अळी आपल्या अंगणात येते, हे कोणी सांगितलं होतं?

आता परी रोज काकूंच्या अंगणात. हसते, पोटभर जेवते, तेही त्यांच्याकडंच! काल म्हटलं, "थांब माय, मी बी येतो पाहाले."

तर दारातच अडवून म्हणते, "तू नोको येऊ, आई. तुले पाह्यलं का ते भेतात."