काट्याखालचा हात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कुळीथ निवडणं. बायको म्हणाली, "डोळे कुठं ठेवलेत? खडा तुमच्याच दाताखाली येणार." संध्याकाळी तिला ताप भरला आणि त्या तापातच ती गेली. तेव्हापासून मी देवाशी बोलणं टाकलं. तोही काही समजूत काढायला आला नाही.

मी रत्नागिरीच्या पेठेत एका शेटच्या दुकानात माल तोलायला होतो. गोणी तोलायचा मोठा लोखंडी काटा आढ्याला सुंभाच्या दोरानं टांगलेला. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होईपर्यंत आम्ही रिकामा काटा हलवत नसू. बरकत जाते म्हणे. म्हणून त्या सकाळी, आदल्या रात्रीच बांधलेला नवा दोर कुणी ओढून पाहिलाच नाही. पहिलीच तांदळाची गोण चढवली, दोर तुटला, आणि दांडी, पारडं, गोण सगळं माझ्या उजव्या हातावर आलं. हात गेला तर पोट गेलं, एवढंच डोक्यात आलं.

शेट ओरडले, "अहो, देवाचं नाव घ्या!"

"तुम्ही आधी गोण घ्या!" मी खेकसलो.

दुकानातले दोघं माझा दंड धरून ओढायला लागले. तेवढ्यात तंबाखू घ्यायला आलेला एक अनोळखी खलाशी गरजला, "वडू नका रे, बोटं थितंच ऱ्हातील! पहार आणा." त्यानं पारड्याखाली पहार घातली, पहारीला दगडाचा टेकू दिला आणि तिच्या टोकावर अंगाचा सगळा भार टाकला. हात अलगद सुटला.

"हलव बघू." मी बोटं हलवली.

"पाचही तुझीच हायत, म्हाताऱ्या!" तो हसला. मीही हसलो, ती गेल्यावर पहिल्यांदाच.

त्याचा पडाव, मालाची शिडाची होडी, पहाटेच सुटायचा, पण वारा पडला म्हणून अडकला होता. मी वैद्याकडून परतलो तोवर वारा सुटला होता आणि खलाशी गेला होता. नाव विचारायचं राहिलं. वारा कुणी पाडला ते मला ठाऊक नाही. मी शिकलेला नाही, वाद घालत नाही. पण आनंद पोटात मावेना. भर रस्त्यात मोठ्यानं म्हटलं, "बरं बाबा, आहेस." अडकलेला हात ओढून सुटत नाही. तो सैल सोडावा, उचलणारा उचलतो.

ती गेल्यापासून शेजारच्या वयनी रोज पेज घेऊन येत आणि मी नको म्हणून दार लावी. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "वयनी, पेज आहे? मीठ जरा जास्त घाला."

"आणि खाणार कशानं?" माझ्या बांधलेल्या उजव्या हाताकडं बघत त्या म्हणाल्या.

"डावा आहे की!"

दोन वाडगे प्यालो.