आण्णांची दुपारची झोप

आधीच सांगते, मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गेजमध्ये बसत नाही तो पार्ट मी पास करत नाही, आणि असले अतर्क्य अनुभव सांगणाऱ्यांची तर मी चेष्टाच करत आले. आता तुम्ही माझी करा…

माझा नवरा संदीप परदेशात एका बंदरात, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर पंप ऑपरेटर होता. जुनी तटबंदी असलेलं गाव. तिथे यादवी पेटली, बंडखोरांनी गावाला वेढा घातला, बोटी बंद झाल्या. सोबतचे लोक आधीच निघून गेले होते, हा एकटा अडकला. पंप बंद पडला तर तटाच्या आतल्या सगळ्यांचं पाणी बंद – हॉस्पिटलसकट. फोन कधीमधी लागायचा. एकदा म्हणाला, "डोळा लागला तर पंप जळंल गं. आन् रिलिव्हरच न्हाई."

रिलिव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. माझे सासरे, आण्णा, पिंपरीला एका कंपनीच्या पंप हाउसमधून रिटायर झालेले. रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांनीच पोराच्या डोक्यात भरलेलं. मला तेव्हा त्या शिस्तीचा भयंकर राग यायचा.

एका गुरुवारी मला सुट्टी होती. चाकणजवळ निघोज्याच्या घरी पडवीत मी मेथी निवडत बसले होते, शेजारी खाटेवर आण्णा झोपलेले. चहाला हाक मारली, हलवलं – उठेनात. श्वास नीट चालू होता. घाबरून डॉक्टरांना फोन लावणार, तेवढ्यात उठून बसले.

"जरा धुण्याची पावडर दे गं, हात धुतो."

दोन्ही हात मनगटापर्यंत ग्रीसने काळे! मी जागची हलले नव्हते. घरात ग्रीस नव्हतंच.

"कुठे गेला होतात?"

"कुठं जातोय? झोपलो व्हतो न्हवं!"

नंतर संदीपचा फोन लागला. त्याच गुरुवारी तो उभ्या उभ्या पेंगत असताना खांद्यावर हात पडला. "जा, आडवा हो. मी हाय." आण्णाच! भास समजून तो खरंच आडवा झाला आणि मेल्यासारखा झोपला. उठला तर पंप चालू, गळणारं पॅकिंग घट्ट केलेलं, आणि हात पुसायचं फडकं चार घड्या घालून व्हॉल्व्हच्या चाकात खोचलेलं. ही आण्णांची सवय. आमच्या मोरीच्या नळावरही तसंच असतं.

आण्णांना सांगितलं.

"त्यो उठला तवा मी व्हतो का तिथं?"

"नाही."

"मंग पोराला एकट्याला टाकून आलो व्हय मी?" म्हातारा रडला.

त्यानंतर रोज जेवून मुद्दाम आडवे व्हायचे, पोराला सुट्टी द्यायला. पण झोप यायचीच नाही. डोळे मिटून नुसते पडून राहायचे. मला ते बघवायचं नाही.

वेढा उठला आणि पहिल्या जहाजाने संदीप सुटला. घरी पोचला तेव्हा दुपारच होती, आण्णा खाटेवर तसेच. त्याने बॅगही खाली ठेवली नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी आलोय, आण्णा. झोपा आता तुमी."

ते ग्रीस कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा. आण्णा मात्र त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत झोपले, आणि आम्ही कुणी त्यांना चहाला उठवलं नाही.