चेअरमनचा पोवाडा

दहिसरच्या आमच्या इमारतीची लिफ्ट चार महिने बंद होती आणि गुडघ्यांनी हैराण झालेली माझी आई चार महिने पाचव्या मजल्यावर अडकून पडली होती. देऊळ बंद, भाजीवालीशी हुज्जत बंद. तिची चिडचिड माझ्यावर निघायची, माझी चेअरमनवर.

अशात चेअरमननी मलाच गाठलं. "ताई, तुम्ही पोवाड्यांचा अभ्यास करता ना? सत्यनारायणाला आपल्या सोसायटीवर एक होऊन जाऊ दे, एकदम झकास." आठवड्यावर कमिटीची निवडणूक होती. मी गोड हसून हो म्हटलं. डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

पेशवाईतल्या शाहिरांची एक खोड मला चांगली ठाऊक. सरदार लढाई हरला तरी पोवाड्यात तो शूरच. दोष फितुरांचा, नशिबाचा, फार तर पावसाचा. ज्यांनी लढाई पाहिलीच नव्हती ते गावोगावचे लोक तेच खरं मानायचे. आमच्या लोकांना तर बंद लिफ्ट रोज दिसत होती. म्हटलं, तोच साचा वापरू, चेअरमन कसे तोंडावर पडतात बघू.

पूजेच्या संध्याकाळी डफ घेऊन उभी राहिले. चेअरमन एकटे लिफ्टवर चालून गेले, कंपनी फितूर झाली, मोटरनं दगा दिला, तरी हा वीर मागे हटेना. बी विंगच्या बायकांनी जी जी रं जी म्हणत झील धरली. लोक खदाखदा हसले. मी मनात खूश, याची वाट लागली. मग टाळ्या थांबेचनात. चेअरमननी डोळे पुसत मला शाल घातली. इथेच मला शंका यायला हवी होती.

आईला खाली येता आलं नव्हतं, तिनं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. चार वेळा.

मतदानाला मात्र ती हट्टानं उतरली. फ्लॅट तिच्याच नावावर. प्रत्येक वळणावर टेकत, कण्हत, पाच मजले. मला भरून आलं. वाटलं, म्हातारी राग काढायला निघालीय.

परतताना तिसऱ्या मजल्यावर ती पायरीवरच बसली. धाप ओसरल्यावर म्हणाली, "दिलं गं त्यालाच. एकटा बिचारा किती लढणार? कंपनीच फितूर निघाली."

मी तिला उठायला हात दिला. अजून दोन मजले चढायचे होते.