विसाव्या आठवड्यातला चेहरा

माझ्या अल्बममधला पहिला फोटो मी सात महिन्यांची असतानाचा आहे. त्याआधीचा एकही नाही. जन्मतः माझा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत फाटलेला होता, आणि तो शिवून झाल्यावरच घरात कॅमेरा बाहेर निघाला. आता तिथे एक पांढरी रेघ आहे आणि नाकपुडी थोडी बसलेली आहे. कुणी विचारलं की आई सांगते, "लहानपणी उंबऱ्यावर पडली." बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटला उंबरा नाही. ते कुणाच्या लक्षात येत नाही असं आम्हाला वाटायचं.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती मराठी शाळेत शिकली, मला इंग्लिश मीडियमला घातलं. का, ते मी एकदा आईला मामीशी बोलताना ऐकलं. "थोरलीला रूप हाय. हिला निदान इंग्लिश तरी येऊ दे." आक्काचं लग्न सदलग्याच्या घरात ठरलं, तेव्हा तिच्या सासरीही उंबराच सांगितला गेला. पुढे करोनात मास्क आले आणि लोकांचे गेले, माझा राहिला. धुळीची ॲलर्जी आहे, असं मी सांगते.

आक्काला दिवस गेले तेव्हा चौथ्या महिन्यात ती काही दिवस आमच्याकडे आली होती. त्यात एक दिवस सूर्यग्रहण होतं. आईनं तिला दुपारभर आतल्या खोलीत बसवलं. काही कापायचं नाही, चिरायचं नाही, खायचं नाही. तिला भूक लागली होती. मी पेरू, सुरी आणि तिखटमीठ आत नेऊन दिलं. तिनं पेरूच्या चार फोडी केल्या, दोन मला दिल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही उशीत तोंड खुपसून हसलो.

पाचव्या महिन्यातला मोठा स्कॅन बेळगावातच करायचं ठरलं. सदलग्याहून तिच्या सासूबाई आल्या. खोलीत आक्कासोबत त्या आणि मी, दोघीच. डॉक्टरीणबाई बराच वेळ एकेक अवयव तपासत होत्या. हृदयाचे कप्पे, मणके, पायाची बोटं. सासूबाई पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या.

"काय बी कळंना बघ. समदं ढगच."

चेहऱ्यापाशी डॉक्टर थांबल्या. बाळानं तोंडावर हात धरला होता. "थोडं फिरून या, पाणी प्या. हात हलला की बघू."

आक्का बाहेरच्या बोळातून येरझाऱ्या घालू लागली. सासूबाईंनी माझ्या मास्ककडे बघितलं आणि बाकावरच्या अनोळखी बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मावशीवर गेलंय वाटतं. आत्तापासनंच तोंड झाकून बसलंय!"

बायका हसल्या. आक्काही हसली.

परत आत गेलो तेव्हा हात बाजूला झाला होता. ओठाच्या पांढऱ्या रेघेत एक काळी चीर दिसत होती. डॉक्टर म्हणाल्या, "ही सावली आहे की खरंच फट, ते सपाट चित्रात सांगता येत नाही. थ्रीडी करून बघते." त्यांनी बटण दाबलं. यंत्रानं एकामागे एक चित्रं घेतली, ती एकावर एक रचली, आणि ढगांतून एक तपकिरी चेहरा वर आला, ओल्या मातीचा केल्यासारखा. मिटलेले डोळे, कपाळ, गाल. डॉक्टर हाताखालचा गोळा फिरवत होत्या आणि चेहरा डावीकडे, उजवीकडे, खालून दिसत होता. सावली असती तर फिरवल्यावर जागची हलली असती. ती हलली नाही. डाव्या बाजूला, नाकपुडीपर्यंत.

मी तो चेहरा कधी पाहिला नव्हता. घरातल्या बाकी सगळ्यांनी पाहिला होता, सात महिने.

डॉक्टर नीट बोलल्या. टाळू शाबूत दिसते, पण जन्मानंतरच खात्री होईल. ओठ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शिवता येतो. कुणाची चूक नाही.

"काढता येतंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"ओठ?"

"प्वार. असलं तोंड घिऊन जगायचं कसं त्यानं?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. डॉक्टर जरा कडक झाल्या. "अहो, एवढ्यासाठी? ऑपरेशननंतर बारीक रेघ राहील, बस." मग त्यांनी कागद ओढला. "हे काही घरांत असतं, म्हणून विचारते. तुमच्या माहेरी कुणाला आहे का? आई, बहीण, मामा?"

आक्का पोटावरची जेल पुसत होती. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. मास्क माझ्या डोळ्यांखालपासून हनुवटीपर्यंत होता. तो काढायला एक सेकंद लागला असता.

"न्हाय," आक्का म्हणाली. "कुणालाच न्हाय."

डॉक्टरांनी लिहिलं ते मला वाचता येत होतं. फॅमिली हिस्टरी : निल. माझ्या इंग्लिशचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला.

"मग गिराणच," सासूबाई म्हणाल्या. "गिराणात हिनं कायतरी कापलंय."

डॉक्टरांनी मान हलवली. "ओठ सातव्या आठवड्यापर्यंत तयार झालेला असतो. ग्रहणाचा काही संबंध नाही." सासूबाईंनी ते ऐकून घेतलं, पोलिसाचं ऐकतात तसं.

बाहेर हात धुवायच्या बेसिनपाशी आक्कानं मला गाठलं.

"पेरू तू दिलतीस. सुरी तूच आणलीस. तेवढं सांग त्यास्नी."

"आक्का, ग्रहण झालं तेव्हा चौदावा आठवडा होता. ओठ त्याआधीच..."

"मला डाक्टरी नगो शिकवू. गिराण म्हटलं तर एकदाच झालं म्हणून गप बसतील. माहेरच्या रक्तात हाय म्हटलं तर ह्यालाबी काढायला लावतील आणि मलाबी."

"आणि मी?"

ती आरशात बघत केस नीट करत होती. "तुला कुठं कुणाच्या घरात नांदायचं हाय?"

रविवारी आई आणि मी सदलग्याला गेलो. आक्का सासूबाईंबरोबर आधीच परत गेली होती. पुढच्या सोप्यात सासूबाई, त्यांच्या दोन जावा आणि शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. आक्का भिंतीला टेकून, पाय लांब करून. मी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंनी हात वर केला.

"मास्क काढ बाई. झाकल्या तोंडाचं कोण खरं मानतंय?"

मी काढला. सगळ्यांनी बघितलं, मग सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

"ग्रहणात मीच आक्काला पेरू आणि सुरी दिली. ती नको म्हणत होती. मी हट्ट केला."

पहिलं वाक्य खरं होतं.

"इंग्लिश शाळंत हेच शिकवत्यात व्हय गं?" धाकट्या जाऊबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्या बाईंनी माझ्या ओठाकडे बोट केलं. "सोताचं तोंड फुटलंय, तर भणीच्या पोराचं बरं कसं बघवंल?"

कुणी त्यांना गप्प केलं नाही. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आक्कानं डोळे मिटले होते, पण तिचे खांदे खाली आले होते. कितीतरी दिवसांनी तिला मी अशी सैल बसलेली बघत होते. बाळ राहणार, हे तिथेच ठरलं.

कप आत न्यायला गेले तेव्हा स्वयंपाकघरात सासूबाई एकट्याच होत्या. माझ्यासाठी त्यांनी वेगळा चहा ओतला होता.

"तुमच्या घरात उंबरा कुठं हाय गं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साखरपुड्यालाच बघितलंतं मी."

मी कप खाली ठेवले. "मग मला कशाला..."

"मग काय? धाकट्याचं लगीन व्हायचंय माझ्या. घराण्यात खोट हाय म्हटल्यावर कोण पोरगी दील? गिराण कुणालाबी लागतंय. चा पी, गार हुतोय."

मी प्याले. साखर जास्त होती.

मुलगी झाली. चौथ्या महिन्यात ऑपरेशन झालं. रेघ माझ्याहून फारच बारीक आहे, नाकही सरळ आहे. बारशाला मला बोलावलं नाही. तिच्या अल्बममध्येही पहिले चार महिने नाहीत. स्कॅनचा तो छापील फोटो आक्कानं मला फाडून टाकायला दिला होता. मी फाडला नाही. तो माझ्या कपाटात आहे. माझ्याकडे असलेला माझा सर्वांत जुना फोटो, असं मी कधीकधी स्वतःला सांगते, आणि मग तो परत साड्यांखाली ठेवते.

आता ती चार वर्षांची आहे. गेल्या महिन्यात दोघी आमच्याकडे आल्या होत्या. आक्का खाली बसून मेथी निवडत होती. मुलगी माझ्या मांडीवर चढली. घरात मी मास्क घालत नाही. तिनं स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं, मग माझ्या.

"मावशी, माझा ओठ तूच कापलीस न्हवं?"

"कुणी सांगितलं?"

"आज्जीनं. आईनंबी."

आक्काची बोटं मेथीत चालत राहिली. पान, देठ, पान, देठ. मी वाट बघितली. तिनं मान वर केली नाही.

"व्हय," मी म्हणाले.

मुलीनं थोडा विचार केला. रागावलेली वाटली नाही. "आणि तुझा कुणी कापला?"

"कुणी नाही. मी उंबऱ्यावर पडले."

ती मांडीवरून उतरली, दारापर्यंत गेली, खाली वाकून फरशी बघून परत आली.

"उंबरा न्हायच की."

"हुता," आक्का म्हणाली, मेथीतून नजर न काढता. "काढून टाकला."