वाफेनंतरचा लाल चेहरा

माझ्या थोरल्या भावाचं लिव्हर दारूनं गेलं. त्यापायी फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाबही वाढला आणि घरातल्या घरात चालताना त्याला धाप लागू लागली. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "हा दाब उतरला तरच लिव्हर बदलता येईल. आणि दारूचा थेंब जरी गेला, तरी विषय संपला." त्यांनी यंत्रातून वाफेसारखं ओढायचं औषध दिलं. लिव्हरचा तुकडा मी देणार होतो.

दादानं येरमाळ्याला देवीपुढं हातात भंडारा घेऊन दारू सोडली होती. तरी माझा विश्वास बसेना. औषध घ्यायला तो मधल्या खोलीचं दार लावून बसायचा. बाहेर यायचा तेव्हा चेहरा लालबुंद. जेवताना पहिल्याच घासाला जबडा धरून थांबायचा. दार कशाला लावतोस, विचारलं तर म्हणाला, "पोरीला बघायला मानसं येत्यात. बाप नळी तोंडात घालून बसलेला कशाला दिसावा?"

मला ते पटलं नाही. मी गाद्यांखाली चाचपलं, ज्वारीच्या कणगीत हात घातला. एकदा तो बाहेर आल्या आल्या कानात काही सांगायच्या निमित्तानं त्याच्या तोंडाचा वास घेतला.

वहिनीनं बघितलंच. "भाऊजी, ह्यांचं तोंड हुंगायचं काम लग्नापासून माझ्याकडं हाय. तुमी कशाला तरास घेता?"

दादा हसला, हसता हसता खोकला. वास कसलाच नव्हता.

तरीही मी गच्चीवर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "त्या औषधानं रक्तवाहिन्या सैल होतात. चेहरा लाल होणार, जबडाही दुखणार. दारूच्या तपासणीत काही निघालेलं नाही. दाब उतरतोय. तुम्ही तयारीला लागा."

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाटली मी इतक्या आशेनं का शोधत होतो, ते तेव्हा कळलं. ती सापडली असती तर माझं पोट कापायची वेळ टळली असती, आणि दोष त्याच्या माथी गेला असता.

खाली आलो. दादा यंत्र धुवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "भ्या वाटत असंल तर तसं सांग. म्या रागावनार न्हाय. पर माझ्या तोंडाच्या वासावर ढकलू नगंस."

"वाटतंय."

"लई?"

"लई. पण येणार."

त्यानं नळी झटकली आणि पुसायला माझ्या हातात दिली.